गुलाबाविना गुलाब

तीन वर्षांपूर्वीची भाऊबीज. सकाळी माझी धाकटी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा तिची मान आणि दोन्ही कोपरांच्या आतली बाजू लालबुंद झाली होती. बारीक पुरळ आणि अनावर खाज. घरात लगेच तर्क सुरू झाले. कोणी म्हणाले नवी साडी, कोणी चकलीचे तेल, कोणी फटाक्यांचा धूर. उटण्याचे नाव कोणाच्याच तोंडी आले नाही. उटणे लावून अभ्यंगस्नान केल्याला तेव्हा दोन-तीन दिवस उलटले होते. शिवाय पाकिटावर गुलाबाचे चित्र आणि त्याखाली ‘गुलाबपाकळ्यांचा नैसर्गिक अर्क’ असे शब्द होते. फुलाने कधी कोणाला अपाय होतो का?

पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी तिच्या पाठीवर लहान लहान चकत्या चिकटवल्या. दोन दिवसांनी त्या काढल्या, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिले. एका चकतीखालची त्वचा सुजून लाल झाली होती. ती सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाची होती. मग त्या मिश्रणातले घटक सुटे सुटे करून तपासले आणि दोषी नाव हाती आले : जिरॅनिऑल.

या नावाने मला चांगलाच धक्का बसला. धुळ्याच्या महाविद्यालयात मी तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. गुलाबाच्या वासातला एक प्रमुख घटक म्हणून जिरॅनिऑलची आकृती दरवर्षी फळ्यावर काढली. तेच संयुग माझ्या लेकीच्या मानेवर उठले होते. माझा पहिला राग अर्थातच त्या पाकिटावर निघाला. वाटले, यात खरा गुलाब नसणारच. कारखान्यातला वास घातला असणार. पूर्वीच्या बायका घरी खरीखुरी फुले वाळवून उटणे करीत, तेव्हा असले काही होत नव्हते. पुढच्या दिवाळीला आजीच्या कृतीने घरीच उटणे करायचे, असे मी ठरवले आणि तिची वही शोधायला घेतली.

त्या वहीने मला गप्प केले. तिने सुचवलेल्या प्रश्नामागे मी दोन वर्षे ग्रंथालयांतून फिरले. आपल्याकडे फूल त्वचेपर्यंत नेमके कोणत्या वाटेने पोहोचत होते आणि पोहोचत होते ते फूलच होते का, हा तो प्रश्न. जे हाती लागले ते इथे मांडते.

वहीतले उटणे

माझी आजी नंदुरबारची. तिच्या वहीत उटण्याची कृती एका पानावर आहे : मसुराचे पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, गव्हला, कचोरा, चंदन, नागकेशर, लवंग. यादी दोनदा वाचली तरी गुलाब सापडेना. वाळा म्हणजे मूळ. नागरमोथा, कचोरा, कपूरकाचरी, आंबेहळद हे सगळे जमिनीखालचे कंद. चंदन हे लाकूड. फुलाशी नाते सांगणारी द्रव्ये दोनच. नागकेशर म्हणजे त्या झाडाच्या फुलाचे केसर आणि लवंग म्हणजे न उमललेली कळी. शेवटच्या ओळीत ‘रो. ते. चार थेंब’ असे होते. ते मी तेव्हा ‘रोजचे तेल’ असे वाचले आणि पुढे गेले.

गोंधळ वाढवणारी गोष्ट निराळीच होती. आजीच्या उटण्याला गुलाबाचा वास यायचा. हे माझ्या एकटीच्या आठवणीतले नाही. माझ्या दोन्ही मावसबहिणींना विचारले, त्यांनीही तेच सांगितले.

आधी गुलाबाच्या अनुपस्थितीचा विचार केला. त्याचे कारण रसायनशास्त्रातच आहे. मुळे, साली आणि लाकूड यांतली सुगंधी द्रव्ये जड असतात आणि पेशींच्या आत बंदिस्त असतात. वाळा वर्षभर ठेवला तरी पाणी शिंपडताच दरवळतो. फुलाचा वास याच्या उलट. त्याची द्रव्ये हलकी आणि चटकन उडणारी, कारण ती किडामुंगीला, फुलपाखराला दुरून बोलावण्यासाठीच हवेत सोडायची असतात. वाळलेल्या पाकळीत रंगाची द्रव्ये आणि थोडे तुरटपण राहते, वास बहुतांश निघून जातो. लवंग आणि नागकेशर कोरडेपणीही गंध राखतात, म्हणून दळायच्या यादीत त्यांना जागा मिळाली. उटणे हा शब्द ‘उद्वर्तन’ या संस्कृत शब्दाशी जोडला जातो, त्याचा अर्थच अंगाला चोळणे. चोळायच्या भुकटीत फुलाला फारसे स्थान नव्हते. फूल त्वचेपर्यंत जायचे ते दुसऱ्या वाहनाने, तेलाने.

तिळांत मुरलेले फूल

अभ्यंगात आधी तेल आणि मग उटणे. हे तेल सुगंधी करण्याची जुनी भारतीय रीत मोठी हुशारीची आहे. तेलात फुले टाकून उकळली तर उष्णतेने वास बिघडतो. म्हणून धुऊन स्वच्छ केलेल्या तिळांचा थर द्यायचा, त्यावर ताज्या फुलांचा थर, पुन्हा तीळ, पुन्हा फुले. काही तासांनी कोमेजलेली फुले काढून नवी घालायची. असे अनेक दिवस. तिळातल्या स्निग्धांशात फुलाची द्रव्ये विरघळत जातात. मग ते तीळ घाण्यात घालून तेल काढायचे. हेच फुलेल. उत्तर प्रदेशात कनौज आणि जौनपूर ही त्याची नावाजलेली ठिकाणे. दख्खनलाही हे तंत्र नवे नव्हते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्यात राजाच्या स्नानाचा आणि विलेपनाचा स्वतंत्र विचार आहे आणि सुगंधी फुलांनी वासवलेल्या तिळांचे तेल त्यात येते. हा ग्रंथ बडोद्याच्या प्राच्यविद्या मालेसाठी गजानन श्रीगोंदेकरांनी संपादित केला. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण, आपल्या लातूर-धाराशिवच्या सीमेपासून फार दूर नाही.

ही रीत मोगरा, जाई, चमेली यांना जशी लाभते तशी गुलाबाला लाभत नाही. मोगऱ्याची कळी तोडल्यावरही जिवंत असते. संध्याकाळी खुडलेली कळी रात्री परडीत उमलते आणि कित्येक तास नवा वास तयार करीत राहते. गजरा माळणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. फ्रान्समधील ग्रास गावचे कारागीर काचेवर चरबी पसरून तिच्यावर चमेलीची फुले मांडत. तत्त्व आपल्या तिळांचेच. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्बर्ट हेसे या जर्मन रसायनज्ञाने दाखवून दिले की, चमेलीची फुले एकदम द्रावकात बुडवली तर जेवढे सुगंधी तेल मिळते, त्यापेक्षा कितीतरी अधिक चरबीवर ठेवल्याने मिळते. बुडवलेले फूल मरते, चरबीवरचे फूल आपले काम चालू ठेवते. गुलाबाच्या पाकळीत मात्र तोडल्यानंतर नवा वास फारसा तयार होत नाही. असेल तेवढा लगेच काढून घ्यावा लागतो. त्यासाठी भट्टी आणि वाफ लागते.

वराहमिहिराचा चाफा

मी जसजशी मागे जात राहिले, तसतसा ‘पूर्वी सगळे खऱ्या फुलाचेच होते’ हा माझा समज डळमळू लागला. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘गंधयुक्ती’ नावाचा अध्याय आहे. हा ज्योतिषी पाऊस, भूकंप आणि रत्नपरीक्षा यांच्या जोडीने केसांचे कलप, स्नानाची चूर्णे आणि सुगंधी तेले यांवरही लिहितो. तिथे चाफ्याच्या वासाच्या तेलाची कृती आहे. मंजिष्ठा, व्याघ्रनख म्हणजे आपला नखला, शिंपला, सुगंधी साल, कोष्ठ आणि बोळ यांचे चूर्ण तेलात मिसळून ते उन्हात तापवायचे. तेलाला चाफ्याचा वास येतो, असे तो सांगतो. या यादीत चाफा कुठेही नाही. मूळ, साल, राळ आणि समुद्रातल्या प्राण्यांची कवचे एवढ्यावर काम भागते.

वराहमिहिर हे लपवीत नाही. तेल चाफ्याचे आहे असे न म्हणता चाफ्यासारख्या वासाचे आहे असे तो म्हणतो. त्याच अध्यायात सोळा द्रव्यांपैकी कोणतीही चार घेऊन त्यांची प्रमाणे बदलत गेल्यास १,७४,७२० सुगंध होतात, असा हिशोबही आहे. सोळांतून चार निवडण्याचे १,८२० प्रकार आणि प्रत्येकाचे ९६ भेद. गुणाकार बरोबर येतो. वास म्हणजे जुळवाजुळव, हे या माणसाला पक्के ठाऊक होते. चाफ्याचा गंध चाफ्याच्या झाडाची मक्तेदारी नाही, हे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे लिहून ठेवलेले होते.

देवरुखचे गोडे आणि एक मराठी टीका

या सगळ्या विषयाकडे आपले लक्ष वेधले ते परशुराम कृष्ण गोडे यांनी. जन्म १८९१, कोकणातल्या देवरुखचा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत ते अभिरक्षक होते आणि १९६१ मध्ये निधन होईपर्यंत हस्तलिखितांत बुडालेले राहिले. मेंदी, तांबूल, गुलाब आणि गुलाबपाणी असल्या, पंडितांना किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींचा कालक्रम त्यांनी चिकाटीने लावला. भारतीय सौंदर्यप्रसाधने आणि सुगंधविद्या यांच्या इतिहासावर त्यांनी एक लेखमालाच लिहिली.

त्यांनी उजेडात आणलेल्या ग्रंथांत दोन महत्त्वाचे. एक गंगाधराचा ‘गंधसार’, दुसरा अज्ञात कर्त्याचा ‘गंधवाद’. या दुसऱ्या संस्कृत ग्रंथाला मराठी टीका आहे. तिचा काळ गोड्यांनी सुमारे १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरवला. म्हणजे एकनाथांच्या आधी किंवा त्यांच्या आसपास कोणीतरी मराठी माणूस सुगंध कसे सिद्ध करावेत, हे आपल्या भाषेत समजावून देत होता. संस्कृत न जाणणारा, पण हाताने काम करणारा वाचक त्याच्यासमोर असणार. पुढे १९८९ मध्ये बडोद्याहून रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी हे दोन्ही ग्रंथ एकत्र संपादित करून छापले.

‘गंधसारा’तली परिभाषा वाचताना मला प्रयोगशाळेत उभे असल्यासारखे वाटले. त्यात सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भावन म्हणजे चूर्णाला द्रवाची पुटे देणे. पाचन म्हणजे शिजवणे. धूपन म्हणजे धुरी देणे. फुलांनी वास चढवणे ते वासन. सुगंधी द्रव्यांचे आठ वर्ग केले आहेत : पाने, फुले, फळे, साली, लाकडे, मुळे, चीक आणि प्राणिज. फुलांचा वर्ग आठांपैकी एक. आपण आज उटणे, तेल, लेप म्हटले की डोळ्यांसमोर पाकळ्या आणतो, पण या कारागिरांच्या कोठारात पाकळ्यांपेक्षा मुळ्या आणि साली अधिक होत्या.

पाण्यावरचा तवंग

गुलाबाची गोष्ट यानंतर सुरू होते. वाफेने अर्क काढण्याची कला पश्चिम आशियात फार वाढली. नवव्या शतकातल्या अल्-किंदीने सुगंध आणि ऊर्ध्वपातन यांवर ग्रंथ लिहिला आणि इराणच्या फार्स प्रांतातले गुलाबपाणी दूरदूर जात असे. अकबराच्या दरबारी सुगंधाचे स्वतंत्र खाते होते. अबुल फज़लच्या ‘आईन-ए-अकबरी’त त्याची हकिकत आहे आणि तिथल्या सुगंधी पदार्थांच्या यादीत ‘उपटना’ही आहे. आपल्या उटण्याचा हा चुलतभाऊच.

जहांगीर आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगतो. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी तयार करीत होती. गरम गुलाबपाणी पसरट भांड्यांत ओतले तेव्हा त्यावर तिला पातळ तवंग दिसला. तिने तो थोडा थोडा गोळा केला. एक थेंब तळहातावर चोळला तर सारी बैठक दरवळावी, असा तो होता. सलीमा सुलतान बेगमने त्याला ‘इत्र-ए-जहांगिरी’ असे नाव दिले आणि बादशहाने शोध लावणारीला मोत्यांचा सर दिला. गुलाबाचे अत्तर तिनेच जगात पहिल्यांदा शोधले की काय, यावर वाद होऊ शकतो. तिची नजर मात्र वादातीत आहे.

त्या तवंगात मोठे रसायनशास्त्र आहे. गुलाबाच्या वासातली सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, नेरॉल ही द्रव्ये पाण्यात जेमतेम विरघळतात, म्हणून ती वर तरंगतात. ते अत्तर. फेनिलएथिल अल्कोहोल हा ताज्या गुलाबाचा मऊ, मधाळ वास देणारा घटक पाण्यात बऱ्यापैकी विरघळतो आणि खालीच राहतो. तो गुलाबपाण्याचा वास. म्हणजे एकाच भट्टीतून निघालेले अत्तर आणि गुलाबपाणी हे त्याच फुलाचे दोन वेगवेगळे तुकडे आहेत. यांपैकी एकही सबंध गुलाब नाही. त्वचेच्या दृष्टीनेही दोन्ही सारखे नाहीत. गुलाबपाणी म्हणजे मुख्यतः पाणी, त्यात सुगंधी द्रव्ये अत्यल्प. अत्तरात मात्र तीच एकवटलेली. एक किलो गुलाबतेलासाठी सुमारे साडेतीन ते चार हजार किलो फुले लागतात. एवढ्या महाग वस्तूत भेसळ होणार, हे सांगायला नको. ती कुठल्या मालाने व्हायची, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले.

नंदुरबारचे गवत

खानदेश आणि निमाडच्या माळांवर रोशा नावाचे गवत उगवते. पावसाळ्याच्या अखेरीस ते फुलोऱ्यावर येते आणि बोटांत चुरगळले की गोड वास येतो. या गवताच्या फुलोऱ्यापासून आणि पात्यांपासून वाफेने तेल काढतात. मोतिया आणि सोफिया असे त्याचे दोन प्रकार. मोतियाचे तेल अधिक गोड वासाचे. इंग्रजी व्यापारात ते ‘पामारोझा’ म्हणून ओळखले जाते. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर हे या धंद्याचे जुने ठाणे होते. तिथले गवत कमी झाल्यावर भट्ट्या नंदुरबार, तळोदा, शहादा या भागांकडे सरकल्या. १८८० साली निघालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या धंद्याची नोंद आहे.

हे तेल मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्रावरच्या बंदरांत जाई आणि तिथून इस्तंबूलला. तिथे लिंबाच्या आंबट पाण्याबरोबर घुसळून आणि उन्हात ठेवून त्याचा उग्रपणा घालवत. मग ते बाल्कन पर्वताच्या पायथ्याशी, काझानलुकच्या गुलाबखोऱ्यात पोहोचे. भट्टीत घालण्यापूर्वी गुलाबाच्या पाकळ्यांवर ते शिंपडले की झाले. युरोपातल्या बायका जे ‘तुर्की गुलाबाचे अत्तर’ म्हणून मानेला लावत, त्यात आमच्या सातपुड्याच्या पायथ्याचे गवत असे. १८७४ साली फ्लुकिगर आणि हॅनबरी यांनी औषधी द्रव्यांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला, त्यात हा सारा प्रवास दिलेला आहे.

ही भेसळ पकडणे त्या काळी कठीण होते. रोशा तेलाचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग जिरॅनिऑलचा असतो आणि गवतातले जिरॅनिऑल आणि गुलाबातले जिरॅनिऑल यांत तिळमात्र फरक नाही. तेच कार्बनचे दहा अणू, तीच रचना. किंबहुना रसायनशास्त्राला जिरॅनिऑल पहिल्यांदा भेटले ते गुलाबात नव्हेच. १८७१ साली याकोबसेन या जर्मन रसायनज्ञाने ते या भारतीय गवताच्या तेलातूनच वेगळे केले आणि त्याला नाव दिले.

मी आजीची वही पुन्हा काढली. ‘रो. ते. चार थेंब.’ रोशा तेल. आजोबांचे गुडघे दुखत तेव्हा आजी एका निळसर बाटलीतले तेल चोळायची, तेच हे तेल. त्याला आम्ही ‘गुडघ्याचे तेल’ म्हणायचो, म्हणून उटण्याच्या पानावर ते ओळखू आले नाही. आजीच्या उटण्यातला गुलाब हा वराहमिहिराच्या चाफ्यासारखाच होता. गुलाबाविना गुलाब.

याचा अर्थ मला फारसा आवडला नाही, पण तो स्पष्ट होता. ज्या घरगुती, शुद्ध उटण्याकडे मी लेकीला घेऊन जाणार होते, त्यात जिरॅनिऑल होतेच. बाजारातल्या पाकिटात खरा गुलाब होता की नव्हता, याने तिच्या मानेला काही फरक पडणार नव्हता. खऱ्या गुलाबाच्या अत्तरानेही तिला तेच पुरळ उठले असते.

कातडीला नाव कळत नाही

शरीरात घडते ते असे. काही लहान रेणू त्वचेच्या वरच्या थरातून आत शिरतात आणि तिथल्या प्रथिनांना चिकटतात. शरीराची संरक्षणव्यवस्था त्या जोडीला परके समजते आणि लक्षात ठेवते. पहिल्या खेपेला बहुधा काहीच दिसत नाही. पुढे कधीतरी तोच रेणू पुन्हा आला की फौज जमते आणि जमायला एक ते तीन दिवस घेते. म्हणून नरकचतुर्दशीच्या पहाटेचे उटणे भाऊबीजेला उठते आणि दोष साडीवर जातो. सगळ्यांनाच असे होत नाही. बहुसंख्य लोक आयुष्यभर अत्तर लावतात आणि त्यांना काही होत नाही. ज्यांची त्वचा एकदा शिकली, त्यांना मात्र ती विसरायला लावता येत नाही.

दुसरी गोष्ट हवेची. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठात अ‍ॅन-टेरेसे कार्लबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, लिनॅलूल, जिरॅनिऑल यांसारखी द्रव्ये हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावली की अधिक त्रासदायक होतात. लिनॅलूल हा मोगरा-चमेलीच्या वासातलाही घटक आहे. गेल्या दिवाळीचे उरलेले उटणे किंवा अर्धी वापरलेली अत्तराची बाटली जपून ठेवण्याची आपली काटकसर इथे अंगाशी येऊ शकते.

युरोपीय संघाने २००३ साली नियम केला आणि २००५ पासून तो लागू झाला. त्यानुसार २६ सुगंधी द्रव्ये ठरावीक मर्यादेपलीकडे असतील तर त्यांची नावे वेष्टनावर छापावी लागतात. जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल, लिनॅलूल आणि लवंगेतले युजेनॉल ही त्यातलीच. २०२३ मध्ये ही यादी ८० च्या पुढे नेण्यात आली. द्रव्य फुलातून आले की कारखान्यातून, असा भेद या नियमात नाही. जिला त्रास होतो तिला आपला शत्रू नावानिशी ओळखता यावा, एवढाच त्याचा हेतू. आमच्या त्या पाकिटावर शेवटी ‘सुगंधी द्रव्ये’ एवढे दोनच शब्द होते.

फुलाच्या नावावर विसंबणे आणखी एका बाबतीत घातक ठरते. परदेशी मलमांमुळे ‘मॅरीगोल्ड’चे कौतुक आपल्याकडे पोहोचले. जखमेवर, कोरड्या त्वचेवर वापरले जाते ते कॅलेंड्युला, भूमध्य प्रदेशातले फूल. आपण दसऱ्याला तोरणात ओवतो तो झेंडू म्हणजे टॅजेटिस, मूळचा मेक्सिकोचा. दोघांचे इंग्रजी नाव एक, रंग एक, रसायन मात्र वेगळे. झेंडूत थायोफीन वर्गातली द्रव्ये असतात. त्यातले अल्फा-टरथिएनिल १९४७ साली झेंडूच्या फुलांतूनच वेगळे काढले गेले. सूर्यप्रकाशात ते पेशींना इजा करते. आपल्या मोठ्या झेंडूच्या फुलांचा अर्क आणि तेल युरोपीय संघाने २०१८ मध्ये सौंदर्यप्रसाधनांतून वर्ज्य केले. दिवाळीनंतर उरलेल्या झेंडूच्या पाकळ्या वाळवून चेहऱ्याच्या लेपात घालण्याची हौस ज्यांना आहे, त्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

हे वाचून कोणी फुलांवर रागावू नये. फुलात त्वचेला उपयोगी पडेल असेही पुष्कळ आहे. पाकळ्यांतली रंगद्रव्ये आणि तुरट द्रव्ये यांवर जगभर काम चालू आहे. पण झाडाने ही द्रव्ये आपल्यासाठी बनवलेली नाहीत. काही मधमाशीला बोलावण्यासाठी आहेत, काही किडीला मारण्यासाठी आणि काही उन्हापासून स्वतःला वाचवण्यासाठी. त्यातले काय आपल्या कातडीला मानवेल, हे प्रत्येक द्रव्याबाबत आणि कधी कधी प्रत्येक माणसाबाबत वेगळे तपासावे लागते. ‘नैसर्गिक’ हा शब्द त्या तपासाची जागा घेऊ शकत नाही.

मला जुन्या मंडळींचे एक फार आवडले. वराहमिहिराने चाफ्याच्या वासाच्या तेलात काय काय घातले, ते सांगितले. ‘गंधसारा’ने द्रव्यांचे वर्ग आणि क्रियांची नावे दिली. त्या अनाम मराठी टीकाकाराने ते आपल्या माणसांना कळेल असे करून ठेवले. माझ्या आजीनेही दोन अक्षरांत का होईना, चार थेंब कशाचे ते लिहून ठेवले. तिच्या त्या दोन अक्षरांवरून मला लेकीच्या पुरळाचा माग लागला. छापील पाकिटावरच्या गुलाबाच्या चित्रावरून तो कधीच लागला नसता.

गेली दोन वर्षे आमच्याकडे उटणे घरीच होते. मसुराचे पीठ आणि थोडी आंबेहळद. वाळा नाही, कपूरकाचरी नाही, लवंग नाही आणि रोशाही नाही. आधी ते मुलीच्या मनगटाच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहिले, मगच अंगाला. त्याला वास म्हणावा असा काही येत नाही. पहिल्या वर्षी तिला चुकल्यासारखे वाटले. “आई, दिवाळी आल्यासारखी वाटत नाही गं,” म्हणाली. तेव्हापासून चतुर्दशीच्या पहाटे मी अंगणातल्या प्राजक्ताचा सडा वेचते आणि ताटलीभर फुले न्हाणीघराच्या खिडकीत ठेवते. अंगाला काही लावायचे नाही, नुसता वास घ्यायचा. गेल्या भाऊबीजेला तिची मान स्वच्छ होती. आजीच्या वहीतल्या त्या पानावर मी ‘रो. ते.’ या अक्षरांपुढे पूर्ण नाव लिहिले आहे आणि त्याखाली, कोणाला ते चालत नाही, तेही.